परिसर : पुस्तकातला आणि पुस्तकाबाहेरचा

वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात परीक्षण यायचे ते कथा-कवितांचे, कादंबरीचे किंवा फार तर चरित्राचे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. जे पुस्तक आपल्या बहुतेक घरांत दरवर्षी जून महिन्यात न चुकता येते, ज्याला आपण तपकिरी कागदाचे वेष्टन घालतो, ज्यावर मुलाचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहितो आणि जे वर्षभर दप्तरात वागवले जाते, त्या शालेय पुस्तकाविषयी मात्र समीक्षक सहसा बोलत नाहीत. बोलतात ते त्यातल्या एखाद्या ओळीवरून वाद पेटला तरच. वाद शमला की पुस्तक पुन्हा शिक्षक, विद्यार्थी आणि परीक्षा यांच्या स्वाधीन होते. वस्तुतः आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात जगाचे जे पहिले मांडलेले चित्र उमटते, ते पुष्कळदा याच पुस्तकातून. त्याची वाङ्मयीन व वैचारिक पारख होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

ही पारख आताच करण्यास एक निमित्तही आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर देशभर आणि आपल्या राज्यातही पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जाऊ लागली आहेत. नवे पुस्तक हाती येताच जुने रद्दीत जाते, आणि त्याच्याबरोबर त्याच्या गुणदोषांचा हिशेबही जातो. मग जुने गुण नव्यात उतरत नाहीत आणि जुने दोष मात्र बिनबोभाट उतरतात. म्हणून गेल्या काही वर्षांत प्राथमिक वर्गांत विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र व इतिहास शिकवण्यासाठी जी साधने वापरली गेली किंवा वापरण्याजोगी होती, त्यांतील काही निवडक साधनांचा येथे विचार करण्याचे योजले आहे.

प्राथमिक वर्गांत हे विषय निरनिराळे न शिकवता 'परिसर' या एका छत्राखाली आणावेत, ही कल्पना राष्ट्रीय पातळीवर १९७५ च्या अभ्यासक्रम आराखड्याने मांडली. तिच्यामागील विचार साधा होता. मुलाच्या दारातील विहीर ही त्याच्या दृष्टीने एकच वस्तू असते. तिचे पाणी विज्ञानात, तिची जागा भूगोलात, ती कोणी खोदली हे इतिहासात आणि तिच्यावर कोणी पाणी भरावे हे नागरिकशास्त्रात, अशी वाटणी मोठ्यांनी केलेली आहे. ती वाटणी मुलावर लवकर लादू नये, एवढेच परिसर अभ्यासाचे म्हणणे.

या साधनांची पारख करताना आम्ही तीन प्रश्न समोर ठेवले आहेत. पहिला प्रश्न असा की, साधनात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या साधनातच दडलेले आहे, की त्यासाठी मुलाला उठून कोठे तरी जावे, पाहावे, मोजावे, विचारावे लागते? दुसरा, मुलाने घरून जे ज्ञान बरोबर आणलेले असते त्याला त्या साधनात काही जागा आहे काय? आणि तिसरा, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, एकट्या शिक्षकाला, घंटेच्या धाकात ते साधन खरोखर वापरता येते काय? पहिले दोन प्रश्न आदर्शाचे आहेत, तिसरा व्यवहाराचा. केवळ आदर्शाने मोजू गेल्यास सामान्य शिक्षकावर अन्याय होतो, आणि केवळ व्यवहाराने मोजल्यास मुलावर.

प्रथम आपल्या घरचे पुस्तक पाहू. पुण्याची 'बालभारती', म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, १९६७ साली स्थापन झाली. गावोगावच्या मुलांना अल्प किमतीत, सुबक छपाईचे आणि शुद्ध भाषेचे पुस्तक मिळाले, याचे श्रेय या संस्थेला दिलेच पाहिजे. तिने २०१४ साली तिसरी-चौथीसाठी आणि २०१५ साली पाचवीसाठी काढलेली 'परिसर अभ्यास' ही पुस्तके आमच्यासमोर आहेत. त्यांची मराठी प्रसन्न आहे. 'अबब ! किती प्रकारचे हे प्राणी' किंवा 'पाणी नक्की येते कोठून ?' अशी पाठांची नावे वाचली की लिहिणाऱ्याला मुलाशी बोलायचे आहे, त्याला व्याख्यान द्यायचे नाही, हे लक्षात येते. पाठाचे तुकडे पाडून 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशी आवाहने केली आहेत. प्रयोगांना लागणारे साहित्यही तांब्या, वाटी, मीठ, माती, कागद असे घरात सापडणारे आहे. तिसऱ्या प्रश्नाच्या कसोटीला ही पुस्तके पुष्कळ अंशी उतरतात.

अडचण येते ती पहिल्या प्रश्नापाशी. 'करून पहा' असे म्हटल्यानंतर मुलाने ते करून पाहीपर्यंत थांबण्याइतका धीर या पुस्तकाला नाही. कृती दिली की बहुधा तिच्या खालीच तिचे अनुमानही छापलेले असते. आता आठ वर्षांच्या मुलाला वाचता येत असेल, तर ते खालची ओळ वाचणारच. शिक्षकालाही तास संपवायचा असतो. मग तांब्याही निघत नाही आणि वाटीही निघत नाही. 'करून पहा' हा मजकूर वर्गात एका सुरात वाचला जातो आणि खालचे अनुमान वहीत उतरते. प्रयोग पुस्तकातच सुरू होतो आणि पुस्तकातच संपतो. पाठाच्या शेवटी 'आपण काय शिकलो' आणि 'हे नेहमी लक्षात ठेवा' या चौकटी येतात, तेव्हा तर परीक्षेसाठी नेमके काय घोकायचे याची खूणच मुलाला मिळते. आवाहन करणाऱ्या पुस्तकाला शेवटी उपदेश करण्याचा मोह आवरत नाही, असे आमचे मत झाले आहे. आम्ही उपदेशाच्या पेशातले असल्यामुळे हा मोह किती बळकट असतो हे आम्हांला ठाऊक आहे.

याच मालिकेतील इतिहासाच्या भागाकडे वळताना दोन निराळ्या पुस्तकांचा निराळा विचार करावा लागतो. चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचे चरित्र शिकवण्याची आपल्याकडे १९७० पासूनची परंपरा आहे. ते पुस्तक मुलांना आवडते, कारण त्यात गोष्ट आहे, साहस आहे आणि जिवाला जीव देणारी माणसे आहेत. महाराष्ट्रातील मुलाने ते वाचावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या पुस्तकात मुलाला करायचे काम असे फारसे राहत नाही. त्याने ऐकायचे, भारावून जायचे आणि लक्षात ठेवायचे. ही गोष्ट आपल्याला कळली कशी, कोणत्या कागदावरून, कोणत्या दगडावरून, हे त्याला विचारावेसे वाटेल अशी फट तेथे ठेवलेली नाही.

ती फट पाचवीच्या दुसऱ्या भागात सापडते, आणि म्हणूनच हे छोटेसे पुस्तक आम्हांला या सगळ्या मालिकेतील सर्वांत धाडसी वाटते. ते राजापासून सुरुवात करत नाही. इतिहास म्हणजे काय, काळ मोजायचा कसा, येथून ते सुरू होते आणि पृथ्वीवरील सजीव, उत्क्रांती, दगडाची हत्यारे, शेतीचा आरंभ, गावे आणि नगरे असा प्रवास करते. दहा वर्षांच्या मुलाला लाखो वर्षांचा पल्ला दाखवणे सोपे नाही. पुस्तक तो बऱ्याच अंशी दाखवते. नाव ठाऊक नसलेल्या माणसांनीही इतिहास घडवला, हे मुलाला येथे प्रथम समजते.

उत्क्रांतीचा पाठ पाहून आपल्यापैकी काही पालक अस्वस्थ होतात, म्हणून दोन शब्द. बारावे पायस यांनी १९५० साली 'हुमानी जेनेरिस' या विश्वपत्रात मानवी देहाच्या उगमासंबंधी उत्क्रांतीच्या अंगाने संशोधन करण्यास मोकळीक ठेवली होती. २२ ऑक्टोबर १९९६ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी पोंटिफिकल अकादमी ऑफ सायन्सेसला पाठवलेल्या संदेशात, उत्क्रांतीचा सिद्धांत आता निव्वळ अंदाज राहिलेला नाही, अशा आशयाचे प्रतिपादन केले. आत्म्याच्या निर्मितीसंबंधीची श्रद्धा अबाधित ठेवूनच हे सांगितले गेले. तेव्हा शाळेत एक आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात दुसरे, अशा पेचात मुलाला टाकण्याचे काहीही कारण नाही. उत्पत्तीचे पुस्तक हे प्राणिशास्त्राचे पाठ्यपुस्तक नव्हे, एवढे घरात सांगितले तरी पुरेसे आहे.

आता दिल्लीचे पुस्तक. एनसीईआरटीने २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार २००६ ते २००८ या काळात तिसरी ते पाचवीसाठी काढलेली 'आस-पास' ही मालिका आपल्या मराठी शाळांत कधी आली नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांतून ती शिकवली गेली आणि २०२४ पासून तिची जागा नवी पुस्तके घेत आहेत. तरीही तिचा उल्लेख टाळता येत नाही, कारण विज्ञान आणि मानव्यविद्या यांचा सांधा कसा जुळवावा, याचा तो एक नमुना होता. चौथीच्या पहिल्याच पाठात देशाच्या निरनिराळ्या भागांतील मुले शाळेत कशी पोहोचतात ते दाखवले आहे. कोणी बांबूच्या पुलावरून, कोणी दोरावर सरकणाऱ्या पाळण्यातून, कोणी होडीतून, कोणी उंटाच्या गाडीतून. भूगोलाचा एकही पारिभाषिक शब्द न वापरता मुलाला नदी, दरी, खाडी आणि वाळवंट भेटते. पाचवीच्या एका पाठात बाजरीचे एक बीज आपली आणि आपल्या शेतकऱ्याची हकीकत सांगते. दामजीभाई नावाचा गुजराती शेतकरी कडुनिंबाचा पाला घालून बी कसे जपत असे, हे त्यात आहे. पुढे पाटाचे पाणी आले, पिके बदलली, कर्ज झाले आणि मुलाला शेती नकोशी झाली, हेही त्यात आहे. बीज टिकवण्याचे विज्ञान आणि घर विस्कटण्याची कथा यांत तेथे भिंत उरलेली नाही. वसई-विरारच्या पट्ट्यात ज्यांच्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, त्या आपल्या कुटुंबांतील मुलांना हा पाठ किती जवळचा वाटला असता !

या मालिकेचा दुसरा गुण म्हणजे ती प्रश्न विचारून गप्प बसू शकते. साफसफाईची कामे कोण करतात आणि तीच माणसे ती का करतात, असा प्रश्न ती दहा वर्षांच्या मुलाला विचारते आणि उत्तर छापत नाही. उणीवही सांगितली पाहिजे. साऱ्या देशासाठी एकच पुस्तक असल्यामुळे त्यातला परिसर हा नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी असतो. मूल झारखंड, केरळ, राजस्थान पाहते, परंतु त्याच्या आळीपर्यंत पुस्तक येत नाही. तेथवर ते न्यायचे कोणी, तर शिक्षकाने. आणि उत्तरे न छापणारे पुस्तक हाती आले की शिक्षक बावरतो, पालक त्याहून बावरतात आणि बाजारातील उत्तरांच्या मार्गदर्शिका खपू लागतात. पुस्तकाने जे मौन पाळले ते मार्गदर्शिकेने मोडले, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी झाला.

या अडचणीवर एक उपाय मुंबईतच योजला गेला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी एक मालिका तयार केली. इंग्रजीत ती 'स्मॉल सायन्स' आणि मराठीत 'हलके-फुलके विज्ञान' या नावाने ओळखली जाते. मिनी आणि अप्पू ही दोन मुले तिच्यात भेटतात. तिची रचना लक्ष देण्याजोगी आहे. मुलासाठी वाचनाचे पुस्तक वेगळे, त्याने स्वतः भरायचे कृतिपुस्तक वेगळे आणि शिक्षकासाठीचे पुस्तक वेगळे. मुलाच्या पुस्तकात माहिती बेताची, प्रश्न आणि कृती अधिक. कोणत्या कृतीतून काय निघू शकेल, मुले कोणती चुकीची उत्तरे देतील आणि ती तशी का देतात, हे सारे शिक्षकाच्या पुस्तकात सविस्तर सांगितले आहे. म्हणजे उत्तर दडवलेले नाही, ते योग्य हाती सोपवलेले आहे. बालभारतीच्या पुस्तकात जी घाई आम्हांला खटकते, तिच्यावरचा उतारा या एका मांडणीत आहे.

तरी तिसऱ्या प्रश्नापाशी ही मालिका अडखळते. शिक्षकाने आपले पुस्तक आधी वाचले पाहिजे, मुलांना बाहेर नेले पाहिजे, प्रत्येकाचे चित्र आणि नोंद पाहिली पाहिजे. वीस मुलांच्या वर्गात हे आनंदाचे काम होते. पन्नासांच्या वर्गात, जनगणना आणि निवडणूक यांची ओझी वाहणाऱ्या शिक्षकाकडून ते रोज होणे कठीण. मालिका मागे पडली ती तिच्या दोषामुळे नव्हे. तिला हवा तितका वेळ आपली शाळा शिक्षकाला देत नाही, हे तिचे खरे कारण आहे.

पुस्तके बाजूला ठेवून वस्तूंकडे पाहू लागलो की आपल्या जवळच्याच एका टेकडीची आठवण होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने जे काम उभे केले, ते आजच्या पालघर जिल्ह्यातले. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीची साधने परदेशी आणि महाग होती. ताराबाईंनी त्यांच्या मागचे तत्त्व उचलले आणि शिंपले, बिया, पाने, दगड, मातीची भांडी यांतून साधने घडवली. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच कुरणावर नेली. 'कुरणशाळा' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. मुलाने घरून आणलेल्या ज्ञानाला जागा आहे काय, या आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे यापेक्षा स्वच्छ उत्तर मराठी मुलखात आम्हांला दुसरे दिसत नाही. तेथे परिसर हा मुलाला समजावून सांगण्याचा विषय नव्हता, मूल तो घेऊनच येत असे.

दारिद्र्यातून उत्तम साधने निघतात, हा अनुभव जगाचाही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शाळांत प्रयोगशाळा उरल्या नव्हत्या. अशा देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी १९४८ साली युनेस्कोने स्टिव्हन्सन यांची एक पुस्तिका काढली. डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणे कशी करावीत हे तीत होते. तिचाच विस्तार होऊन १९५६ साली विज्ञानशिक्षकांचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ तयार झाला. आपल्याकडे १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांतून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती ही संस्था आणि क्वेकर पंथीय ख्रिस्ती बांधवांनी चालवलेले रसुलिया येथील केंद्र यांनी तो आरंभला. तो माध्यमिकच्या खालच्या वर्गांसाठी होता. २००२ साली सरकारने तो बंद केला, तरी त्याच्या परिसस्पर्शाने अनेक माणसे घडली. त्यांपैकी एक अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीत शिकलेला आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारा हा अभियंता १९७८ साली त्या कामात वर्षभर राहिला आणि पुढे आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी करत राहिला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांची आगकाडीची खेळणी पाहावीत. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे लहान तुकडे करायचे आणि त्यांत काड्यांची टोके खुपसून आकृती बांधायच्या. चौकोन केला तर तो हाताने दाबताच कलतो, त्रिकोण कलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी घातली की तोही ताठ होतो. मुलाने एवढे हाताने केले, म्हणजे घराच्या छपराला कैची का असते आणि फाटकाच्या चौकटीत तिरकी पट्टी का ठोकतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याच संध्याकाळी ते आपल्या घराचे आढे न्याहाळू लागते. असे साधन पाच-दहा रुपयांत तयार होते आणि मोडले तर कोणी रागावत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले आहे. १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू झाली, तेव्हा खेडोपाडीच्या शाळांना विज्ञानपेटी, पृथ्वीगोल, नकाशे असे साहित्य सरकारने दिले. हेतू उत्तम होता. परंतु साहित्याची नोंद जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत झाली आणि वस्तू फुटली तर भरून कोण देणार, ही भीती शिक्षकाच्या मनात बसली. अनेक ठिकाणी पेट्या कपाटात राहिल्या आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात राहिली. जे साधन फुटण्याची भीती वाटते ते मुलाच्या हाती जात नाही, ही गोष्ट आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांनीही ध्यानात घ्यावी.

अलीकडच्या काळात दोन नवी साधने आली. एक पडद्याचे. पुस्तकातील चौकोनी चिन्हावर फोन धरला की चित्रफीत दिसते. ज्वालामुखी, देवमासा, अवकाशातून दिसणारी पृथ्वी यांसाठी तिचा उपयोग निःसंशय आहे. परंतु वालाचे बी रुजताना दहा सेकंदांत दाखवले, तर मुलाने जे अनुभवायचे तेच निसटते. ओल्या फडक्यात बी ठेवून रोज सकाळी उघडून पाहणे, तिसऱ्या दिवशी ते सडले की काय अशी शंका येणे आणि मग पांढरा कोंब दिसणे, यात वाट पाहण्याचा जो भाग आहे तोच विज्ञानाचा आहे.

दुसरे साधन म्हणजे कोरे पान. २०२३-२४ या वर्षापासून बालभारतीने दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत विभागली आणि पाठांबरोबर नोंदी करण्यासाठी कोरी पाने जोडली. दप्तराचे ओझे कमी करणे हा उद्देश होता. मुलांनी वह्या आणायच्या त्या आणल्याच, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुढील वर्षापासून ही पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. ओझ्याच्या दृष्टीने तो योग्यच असेल. आम्हांला खंत वाटते ती निराळी. पुस्तकात मुलाने स्वतः पाहिलेले लिहिण्यासाठी जागा असावी, ही कल्पना मुळात फार चांगली होती. परंतु त्या पानावर काय लिहायचे याचा विचार कोणी पुरेसा केला नाही. फळ्यावरचे उतरवून घेण्यासाठी वही पुरते, त्यासाठी पुस्तकात पान कशाला हवे ?

मग त्या पानावर काय लिहिता आले असते? आपल्या किनाऱ्यापुरते एक उदाहरण देतो. आपल्याकडील मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खरी वेळ बंदरागणिक अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते, परंतु हिशेब चुकत नाही, कारण चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग हे शब्द कोळीवाड्यातील मुलाला बोलू लागल्यापासून माहीत असतात. आता या मुलाला सांगावे की, पंधरा दिवस आजोबांना भरतीची वेळ विचार, स्वतः बंदरावर जाऊन पाहा, आणि दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिही. यात गणित आले, चंद्र आला, समुद्र आला, आजोबांचा धंदा आला, आणि आजोबांच्या पाऊणपटीत किती मिनिटांची चूक पडते हे तपासून पाहण्याचे स्वातंत्र्यही आले. त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही.

इतिहासाचेही तसेच. वसईचा किल्ला १५३४ नंतर पोर्तुगीजांनी बांधत नेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, ही दोन वर्षे मूल पाठ करते. किल्ल्यात त्याची सहल जाते ती डबा खाण्यासाठी. तेथील पडक्या चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा, त्यांवरची अक्षरे आणि भिंतींतील निरनिराळे दगड ही साक्षीपुराव्याची जागा आहे. दोन अक्षरे जुळवून पाहा, हा दगड जवळपास कोठे मिळतो ते विचारून ये, असे सांगणारा एकही स्वाध्याय आमच्या पाहण्यात नाही. जवळचा इतिहास तर घरातच बसलेला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी जे आंदोलन झाले, त्यात भाग घेतलेली माणसे आज आजी-आजोबा आहेत. त्यांना पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणणे, दोन आजोबांच्या सांगण्यात फरक पडला तर तो का पडला याचा विचार करणे, हा चौथीच्या मुलाला झेपणारा इतिहासाचा अभ्यास आहे. जिल्ह्याचे पुस्तक हे करू शकले असते. तिसरीचे पुस्तक जिल्हावार काढण्याची बालभारतीची प्रथा ही खरोखर मोलाची आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. जिल्हा नवा झाला, तसा त्याच्या पुस्तकातील परिसरही जवळून पाहिला जावा, तालुक्यांची यादी आणि नद्यांची नावे यांपाशी तो थांबू नये, अशी अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.

आता काही शब्द आपल्याविषयी, म्हणजे पालकांविषयी. आपल्यातील बहुतेक कुटुंबांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले आहे. त्या निर्णयाची चर्चा येथे करायची नाही. परंतु त्याचा एक परिणाम परिसर अभ्यासावर होतो. घरात सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली, आणि पुस्तकात इंग्रजी. झाडाला, माशाला, वाऱ्याला आजीने दिलेले नाव पुस्तकात सापडत नाही, म्हणून ते ज्ञानच नव्हे, असे मुलाला वाटू लागते. मराठी पुस्तकातील प्रमाण भाषेनेही हेच थोड्या प्रमाणात होते. ही दुरुस्ती पुस्तक करणार नाही. ती घरातच व्हायला हवी, आणि तिला खर्च नाही.

दुसरे, शाळेने 'प्रकल्प' सांगितला की आपण दुकानात जातो आणि तयार चित्रांचा तक्ता विकत आणतो. रात्री आई-वडील तो चिकटवतात, सकाळी मूल तो नेते, आणि शिक्षक त्यावर शेरा मारतात. या व्यवहारात मुलाचा हात कोठेच लागत नाही. झाडांचा प्रकल्प असेल तर दारातल्या झाडाची पाने वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत, तारीख आणि जागा लिहून जाड कागदावर लावावीत. फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव हे येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ याहून फार निराळे काही करत नव्हते. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह अशाच दाबून वाळवलेल्या, तारीख-जागा लिहिलेल्या पानाफुलांनी भरलेला आहे.

नव्या पुस्तकांच्या कर्त्यांकडून आमच्या अपेक्षा थोड्याच आहेत. पाचवीच्या इतिहासाचे धाडस टिकवावे. कृतीच्या खाली अनुमान छापू नये, ते शिक्षकाच्या पुस्तकात द्यावे आणि असे पुस्तक प्रत्येक शिक्षकाच्या हाती पडेल, असे पाहावे. दर पाठात निदान एक प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर गावागणिक निराळे येईल. तसेच, वर्षाच्या वेळापत्रकात स्थानिक ऋतूला जागा असावी. आपल्या अक्षांशावर भर दुपारी सावली नाहीशी होण्याचे दिवस मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतात. एकदा शाळेला सुट्टी असते आणि एकदा आभाळ भरलेले असते. पुस्तकाला हे ठाऊक असेल, तर ते सुट्टीचाच अभ्यास म्हणून अंगणात काठी रोवायला सांगेल.

नवे पुस्तक घरात येईल तेव्हा वेष्टन घालण्यापूर्वी पालकांनी ते एकदा स्वतः वाचावे, अशी आमची विनंती आहे. कोणताही एक पाठ उघडून त्यातला एक प्रश्न निवडावा आणि त्याचे उत्तर त्याच पानावर सापडते का ते पाहावे. सापडत नसेल, तर मुलाला ते शोधायला जाण्यासाठी संध्याकाळचा अर्धा तास मोकळा ठेवावा आणि शिकवणीच्या वेळेतून तो काढावा लागला तरी काढावा.